बादू फिटर आणि घाटाखाली अडलेले मामा

याव बादूला नुसतं ‘बादू’ म्हणून हाक मारली तर तो मानही वळवत नसे. ‘मास्टर’ म्हणावं लागे. कुमासी शहरातल्या मॅगझीनमध्ये, म्हणजे आमच्या त्या फिटर, वेल्डर आणि पत्रेवाल्यांच्या वस्तीत, मास्टर पुष्कळ होते. पण इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून इंजिन उघडणारा हा एकटाच. कोणी हसलं की म्हणायचा, "ग्रीस उडतं ते शिकाऊ लोकांच्या अंगावर. मी इंजिनाशी बोलतो, कुस्ती नाही खेळत."

बढाईखोर होता. मला असली माणसं आवडतात. उभा जन्म रंगमंचावर काढल्यावर, जो माणूस एन्ट्री घ्यायला लाजत नाही त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटतोच.

आमची ओळखही नाटकामुळे झाली. गावोगाव फिरणारी आमची मंडळी होती. गिटार, ढोल, गॅसबत्त्या, एक रंगवलेला पडदा आणि आम्ही सगळे पुरुष. त्यातला मी नायिका. हो, नायिका. हा आवाज, ही हाडं, पण फ्रॉक चढवून, डोक्याला रुमाल बांधून मी विधवेचा आकांत सुरू केला की कोको-व्यापाऱ्यांच्या बायका कापडाच्या टोकाला बांधलेली नाणी माझ्याकडे फेकायच्या. अजूनही मॅगझीनमधून गेलो की म्हातारे फिटर ओरडतात, "मॅडम, कुठं निघालात?" मीही कंबर हलवून उत्तर देतो. प्रेक्षकांना नाराज करू नये.

मंडळीची एक जुनी पेट्रोलची व्हॅन होती आणि ती चालती ठेवणं हे बादूचं काम. मोजायची यंत्रं त्याच्याकडे नव्हती. तो म्हणायचा, "इंजिनात दोनच गोष्टी बघायच्या, मॅडम. दाब आणि ओढ. पंप पुढं पेट्रोल ढकलतो तो दाब. मागून टाकीतलं खेचतो ती ओढ. दाब अंगठ्यानं मोजायचा आणि ओढ जिभेनं." आणि खरोखरच पंपाच्या तोंडाला जीभ लावून, डोळे मिटून उभा राहायचा. मग थुंकायचा आणि निकाल द्यायचा. त्याचा निकाल चुकलेला मी तरी पाहिला नव्हता.

आणि माझे फ्रॉक शिवायचे ते बादूचे सख्खे मामा, क्वामे टाबिरी. शांत माणूस. तोंडात टाचण्या धरून माप घ्यायचे आणि अगदी गंभीरपणे विचारायचे, "मॅडम, यंदा छाती वाढवायची, की गेल्या वर्षीइतकीच?" मी म्हणायचो, "वाढवा मास्टर टेलर, तिकीट वाढवलंय."

पुढे मंडळी मोडली. लोक घरात बसून पेटीतली चित्रं बघू लागले. व्हॅन विकली गेली आणि तिची शववाहिका झाली. काळा रंग, सोनेरी पट्टे, खिडक्यांना जांभळे पडदे. ड्रायव्हर मात्र आमचाच राहिला, इसाका, उत्तरेकडचा, कमी बोलणारा. त्याला विचारलं, नवीन नोकरी कशी आहे, तर म्हणाला, "प्रवासी भांडत नाहीत."

एका शनिवारी त्याच व्हॅनमधून टाबिरी मास्टरना त्यांच्या गावी, मांपोंगच्या घाटापलीकडे न्यायची वेळ आली.

आता मला त्या शनिवारचीच गोष्ट सांगायची आहे, कारण बादू कोण होता हे मला त्या दिवशी कळलं.

टाबिरी आपल्या दुकानात, मशीनवर मान टाकून गेले. घरी गेले नाहीत, कारण गेले काही महिने ते दुकानातच झोपत होते. त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, याआ न्यार्कोचं, बोलणं बंद होतं. कशावरून, ते कोणालाच धड माहीत नव्हतं. आणि आमच्यात माणूस आईच्या घराण्याचा असतो. बायको कितीही वर्षं नांदली, मुलं दिली, तरी नवऱ्याच्या घराण्यात ती पाहुणी. मयताच्या दिवशी तर सगळ्यांची नजर त्या पाहुणीवरच.

व्हॅनमध्ये पुढे इसाकाशेजारी घराण्याचे प्रमुख नाना क्रापा बसले होते, मांडीवर पूर्वजांना वाहायच्या श्नॅप्स दारूची बाटली. मागे शवपेटी, तिच्याखाली भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. पेटीच्या एका बाजूला याआ न्यार्को, समोर तिची नणंद पोकुआ, आणि दाराशी मी आणि बादू. आज पांढरा शर्ट नव्हता. सगळ्यांसारखं काळं कापड, डावा खांदा उघडा. मागून एका लॉरीत बाकीची माणसं येत होती. दुपारच्या आत गावात पोहोचायचं, शव सजवून बसवायचं, लोकांनी दर्शन घ्यायचं असा बेत.

न्टोन्सो गाव मागे पडलं आणि व्हॅन गचके खाऊ लागली. इंजिनाचा आवाज बारीक झाला, दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मयत रस्त्यात अडून बसतं, ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. पूर्वी शव खांद्यावरून नेत, तेव्हा ते ज्याच्या दारासमोर थबकेल त्याच्याकडे बोट दाखवतं, असं मानत. आता शव गाडीतून जातं, पण मानणं तसंच राहिलं. शववाहिका थांबली की लोक आधी बॉनेटकडे बघत नाहीत. आधी एकमेकांकडे बघतात.

"मी बघतो," म्हणत बादू उतरला. खांद्यावरचं कापड कमरेला खोचलं, बॉनेट उघडलं. कार्बोरेटर सोडवून बघितला, तर आत पेट्रोल नाही. "टाकी भरलेली, आणि इथं दुष्काळ," तो मला म्हणाला. मग पंपाच्या पुढची नळी सोडवून तोंडावर अंगठा ठेवला. "इसाका, सेल्फ मार."

इंजिन गरगरलं. बादूनं तोंड वाकडं केलं. "दाब नाही. म्हाताऱ्याच्या खोकल्याइतका पण नाही."

तिकडे नाना क्रापांनी बाटली उघडली होती. रस्त्याच्या कडेला उभं राहून ते जमिनीवर दारूची धार धरत, पूर्वजांची नावं घेत बोलत होते. "टाबिरी, तुझी आई वाट बघतेय. तुझं घर झाडून ठेवलंय. काही राहिलं असेल तर आम्ही नंतर बसून बोलू. आता चल." लोक प्रत्येक वाक्यामागे हुंकार भरत होते. नानांची प्रार्थना कधी छोटी नसते. ती संपली तेव्हा उन्हानं माझं डोकं तापलं होतं.

"पुन्हा मार," बादू म्हणाला.

आता त्याचा अंगठा उडाला. पेट्रोलची पिचकारी त्याच्या कापडावर आली. तो नळीकडे बघतच राहिला. त्यानं काहीही केलं नव्हतं. नळ्या जोडल्या, व्हॅन पहिल्याच दणक्यात सुरू झाली.

"ऐकलं त्यानं," नाना समाधानानं म्हणाले.

"ऐकलं बाई," पोकुआ म्हणाली, पण बघत होती भावजयीकडे. "आधी मात्र थांबला. उगाच नाही थांबला."

 याआ न्यार्कोनं हात पेटीवर ठेवला होता, तो काढला.

दुसऱ्यांदा थांबली ती एका पुलाच्या अलीकडे. तसाच बारीक आवाज, तसाच खोकला. या वेळी बादू धावतच पुढे गेला. पंप मागूनही सोडवला आणि सगळ्यांसमोर त्याला जीभ लावली. मागच्या लॉरीतून उतरलेल्या बायका कुजबुजल्या, "हा गाडीलाच मामा समजून मुका देतोय की काय!" बादूला हसू आलं नाही. इसाकानं सेल्फ मारला तशी जीभ पंपाला चिकटली. ओढ उत्तम होती. पंप निर्दोष. गाळणी उघडली, तीही स्वच्छ.

"मग नळीत घाण असणार," तो पुटपुटला. टाकीकडे जाणाऱ्या नळीला तोंड लावून गाल फुगवून जोरात फुंकलं. आत टाकीत बुडबुडे वाजले. पुन्हा फुंकलं, पुन्हा वाजले. "निघाली घाण! झालं!" असं तो ओरडला आणि त्याच वेळी तिकडे नानांच्या बाटलीतला दुसरा घोट मातीत मुरला.

व्हॅन सुरू झाली. बादूला वाटलं आपण सुरू केली, नानांना वाटलं आपण.

"मास्टर, मिटलं ना?" मी विचारलं.

"मॅडम, मी हात लावला आणि इंजिन मला नाही म्हणालं, असं कधी झालंय का?"

पण त्याचा अंगठा आपल्याच मांडीवर दाबून-सोडून काहीतरी मोजत होता. मी नट. माणसाचे शब्द एक बोलतात आणि हात दुसरं, हे ओळखण्यावरच तर पोट भरलं माझं.

पेटीखालून पाणी ठिबकायला लागलं होतं. मागच्या दारातून रस्त्यावर ओली रेघ पडत होती. सगळ्यांना ती दिसत होती आणि कोणी तिचं नाव काढत नव्हतं.

तिसऱ्यांदा थांबली ती घाटाच्या पायथ्याशी. चढ लागला, इसाकानं गिअर टाकला, रेस दिली, आणि इंजिनानं मान टाकली. व्हॅन मागे सरकायला लागली. इसाकानं ब्रेक दाबला, मी दारातून उडी मारून चाकामागे दगड लावला. उतरून बघतो तो समोर तो चढ, वळणावळणांनी वर गेलेला, आणि त्याच्या माथ्यापलीकडे गाव.

आता कोणी बॉनेटकडे बघतसुद्धा नव्हतं.

नाना क्रापा खाली उतरले. ते दुष्ट माणूस नव्हते. घराण्याच्या भांडणात दोन्ही बाजू ऐकणारा, हळू बोलणारा म्हातारा. पण त्यांच्यापुढे एक मयत तीनदा थांबलं होतं, आणि दोनदा नीट बोलल्यावर निघालं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच मानलं असतं.

"याआ न्यार्को," ते म्हणाले, "खाली ये, पोरी."

ती उतरली. डोक्याला विधवेचं लाल फडकं, चेहऱ्यावर धूळ.

"तीनदा थांबलाय तो. दारू दिली, नावं घेतली, तरी थांबतोय. त्याच्या मनात काहीतरी आहे. तुझं त्याच्याशी काही बोलायचं राहिलंय का?"

पोकुआ मध्ये पडली. "विचारताय काय तिला? माझा भाऊ दुकानात मेला, मशीनवर! घर असून! हिनं त्याला घराबाहेर काढलं. त्याला काय झालं, कशानं झालं, हिलाच माहीत. तो हिच्याबरोबर गावात शिरणार नाही. हिला इथून परत पाठवा, बघा चालतो की नाही!"

मागून बायका म्हणाल्या, "बोल बाई, बोलून टाक. ऊन बघ किती वाढलंय."

काय पणाला लागलं होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिनं काहीही कबूल केलं तर ती इथूनच पायी माघारी. नवऱ्याच्या उशाशी चटईवर बसायचा तिचा हक्क गेला. त्याला मातीत ठेवताना बघणं गेलं. आणि ‘हिच्यामुळे बाप घाटाखाली अडला’ हे तिच्या मुलींच्या कपाळावर कायमचं. मी रंगमंचावर विधवा किती वेळा केली असेन! त्या बाईकडे बघताना मला कळलं की मी नुसता ओरडत होतो. ती ओरडत नव्हती. अगदी हळू, जणू बाजारात भाव विचारावा तशी तिनं विचारलं, "नाना, मी बोलले तर तो निघेल का?"

"निघेल," नाना म्हणाले.

ती ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत होती. "मी त्याला म्हटलं होतं..." एवढंच बोलली आणि थांबून श्वास घेतला.

इकडे बॉनेटखाली बादू एकटाच होता. मी त्याच्या बाजूला उभा होतो म्हणून मला दिसलं. त्यानं पंपाच्या मागची नळी ओढून काढली. नळी निघताना आतून बारीकसा सुस्कारा आला आणि तोंडाशी आलेलं पेट्रोल मागे पळालं. बादूनं सवयीनं नळीवर अंगठा ठेवला आणि तो दचकला. वासराच्या तोंडात बोट द्यावं तसा नळीनं त्याचा अंगठा धरून ठेवला होता. त्यानं तो ओढून सोडवला, पुन्हा ठेवला, पुन्हा नळीनं धरला.

"मॅडम," तो म्हणाला, "टाकीच मागं ओढतेय."

"म्हणजे?"

"पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत जायला लागते. टाकीच्या झाकणाला त्यासाठी भोक असतं. हवा आत गेली नाही तर टाकी पेट्रोल सोडत नाही. घट्ट धरून बसते. उभं राहिलं की उन्हानं आतलं पेट्रोल वाफाळतं, थोडी हवा फटीतून शिरते, ओढ सैल पडते आणि गाडी निघते." बोलता बोलता त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "नाना प्रार्थना करायचे तेवढ्या वेळात."

"मग झाकण उघड की!"

तो हलला नाही. आणि मग मला आठवलं. दोन दिवसांपूर्वी मी त्याच्या गॅरेजमध्ये बसलो होतो तेव्हा याआ न्यार्को आली होती. शववाहिका तिथेच धुवायला उभी होती. ती व्हॅनमध्ये डोकावली, नाक आक्रसलं आणि म्हणाली, "बादू, आत पेट्रोलचा वास येतो रे. तुझ्या मामाला कपड्यांना वास लागलेला आवडायचा नाही. काही करता येईल?" आणि बादू म्हणाला होता, "मामी, तुम्ही सांगायचा अवकाश." चाकाच्या ट्यूबचं रबर कापून त्यानं झाकणात जाड वायसर बसवला, आणि झाकणाचं बारीकसं भोक डाख देऊन बुजवून टाकलं. मग सगळ्या गॅरेजला बोलावून वास घ्यायला लावला होता. "घ्या वास! येतोय? मामा आता अत्तराच्या बाटलीतून जाणार!"

बादूनं नळी परत पंपाला चढवली आणि तो व्हॅनच्या बाजूनं मागे गेला. झाकणावर हात ठेवला. एक पीळ दिला असता तर काम झालं असतं. कोणाचं लक्ष नव्हतं. व्हॅन निघाली असती, मास्टरचं नाव राहिलं असतं, आणि वायसर कुठंतरी गवतात फेकता आला असता.

पण त्याच क्षणी याआ न्यार्कोनं पुन्हा तोंड उघडलं. ती बोलून संपली की व्हॅन सुरू होणार होती. म्हणजे तिच्या बोलण्यानंच सुरू झाली, असं होणार होतं. मग ती जे काही बोलली असती ते जन्मभर खरं ठरलं असतं, तिच्यासाठीसुद्धा. मला हे तेव्हा असं सुचलं नव्हतं. बादूच्या हाताकडे बघताना कळलं. तो झाकणावरून उचलला गेला, जणू झाकण तापलं होतं.

"मामी, गप्प बसा!" तो ओरडला.

सगळे वळले. पोकुआ गरजली, "मोठी माणसं बोलतायत, आणि तू..."

"मावशी, तूही गप्प. नाना, तिला बोलू देऊ नका. मामा थांबलेले नाहीत. मी थांबवलंय त्यांना."



बादूनं सांगितलं. झाकण, रबर, बुजवलेलं भोक, सगळं. आवाज चढवून नाही. शेवटी म्हणाला, "कुमासीतला कोणताही शिकाऊ पोरगा हे करणार नाही. मी केलं. मास्टर बादूनं."

"कोणी सांगितलं होतं तुला असं करायला?" नानांनी विचारलं.

याआ न्यार्कोचा चेहरा मी बघत होतो. तिला आता कळत होतं. तिनं पाऊल पुढे टाकलं, बोलायला. बादूनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणी नाही. मलाच शहाणपण सुचलं. माझी अक्कल." ती तिथंच थांबली. मी जमिनीकडे बघत राहिलो. पोकुआच्या हातात ती वासाची गोष्ट पडली असती, तर तिनं तिथल्या तिथे गाडीच्या झाकणालाही जादूटोणा ठरवलं असतं.

"नाना, इकडं या," बादू म्हणाला. "कान लावा. आणि तुमच्याच हातानं फिरवा."

म्हातारा आला. कान टाकीजवळ नेला, दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. फुस्स करून लांबच लांब श्वास आत गेला, बुडालेला माणूस वर येऊन घेतो तसा. नाना दचकून मागे सरले. बायका किंचाळल्या.

"टाकीत होता!" पोकुआ म्हणाली. "तो टाकीत जाऊन बसला होता!"

"मावशी, टाकीत पेट्रोल असतं."

"तुला काय माहीत? तूच तर म्हणालास, तुला काही कळत नाही म्हणून!"

कोणीतरी हसलं, लगेच दाबलं. पण पोकुआचं बोलणं लोकांना पटत होतं हे दिसत होतं. एक सुस्कारा ऐकून कोण पटवून घेणार? नाना हातातलं झाकण उलटंसुलटं करत होते.

"तू घराण्यातला आहेस, बादू," ते म्हणाले. "आपली मामी वाचवायला माणूस काहीही बोलेल."

"मग बघू या. रबर काढतो, भोक मोकळं करतो. मामींना पेटीशेजारीच बसवा, उशाशी. मामांना त्यांचा राग असेल तर या घाटात एक वळण चढायचे नाहीत. थांबलेच, तर मामींबरोबर मीही इथून पायी माघारी जाईन आणि घराण्याच्या कुठल्याच कामाला पुन्हा हात लावणार नाही. मॅगझीनमध्ये जाऊन मीच सांगेन सगळ्यांना."

"आणि नाही थांबले तर?"

"तर यानंतर यावर कोणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

नानांनी एकदा पेटीकडे बघितलं. मग झाकण त्याच्या हातात दिलं. "कर."

बादूनं रबर उपसून काढलं. नानांनी ते मागून घेतलं आणि मुठीत धरलं. खिळा आणि दगड घेऊन बादूनं डाखलेलं भोक फोडलं, फुंकून बघितलं, झाकण बसवलं. खिळा दोनदा सटकला. याआ न्यार्को आत चढली. तिला चढायची भीती वाटत होती, हे तिच्या पायांत दिसत होतं. ती गुन्हेगार नव्हती, पण तिला स्वतःलाच खात्री नव्हती. ती मला पुढे कधीतरी म्हणाली, मी त्याला ‘जा, परत येऊ नकोस’ म्हटलं होतं, मॅडम, आणि तो गेला. मला वाटलं, बरोबरच आहे त्याचं.

इसाकानं सेल्फ मारला. इंजिन लागलं. मी चाकाचा दगड काढला आणि पळत येऊन चढलो.

पहिलं वळण निघालं.  बर्फाचं पाणी आता मागच्या दाराकडे धावत होतं. बादू दाराला धरून मान कलती करून ऐकत होता. दुसरं वळण. व्हॅन जड झाली, आवाज खाली गेला. पोकुआचे डोळे भावजयीच्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. सगळ्यात उभा चढ पुढे होता.

तिथे इंजिन खोकलं.

बादूनं डोळे मिटले. याआ न्यार्कोचे ओठ हलायला लागले. पुन्हा खोकलं, व्हॅन थरथरली, चालणाऱ्या माणसाच्या वेगावर आली.

"इसाका!" बादू पडद्यातून ओरडला. "गिअर बदल, गाढवा! गिअर!"

"बदलतोय! ओरडू नको!"

कर्रकन आवाज झाला, व्हॅनला हिसका बसला, पेटी एक बोट सरकली आणि इंजिनानं पुन्हा गळा मोकळा केला. व्हॅन वर जात राहिली. तिसरं वळण, मग झाडी विरळ झाली, वारा लागला, आणि रस्ता सपाट झाला. इसाकानं इंजिनाला दम खाऊ द्यायला माथ्यावर गाडी उभी केली. बंद नाही केली. हिंमत नव्हती त्याची.

आम्ही उतरलो. याआ न्यार्को उतरली नाही. ती आतच बसून पेटीवर थाप मारत होती, आणि काय बोलते ते बाहेर सगळ्यांना ऐकू येत होतं.

"लाज वाटते का तुला? मी तिथं उभी, सगळ्या दुनियेसमोर, आणि तू गप्प! जिवंतपणीही गप्प, मेल्यावरही गप्प! एवढा राग होता तर घरी येऊन भांडायचं होतंस! मी काय दार लावून घेतलं होतं? दार उघडंच होतं. रोज उघडंच होतं..."

मग ती रडायला लागली, तशी जशी घरात रडतात. नाना क्रापा दाराशी गेले. त्यांनी तिचं सुटलेलं लाल फडकं उचलून तिच्या हातात दिलं. "बांध," म्हणाले. "गावात उघड्या डोक्यानं शिरायचं नाही. आणि उशाशी तूच बसायचंस."

पोकुआ रस्त्याकडे तोंड करून उभी होती. थोड्या वेळानं ती आत चढली, भावजयीच्या शेजारी बसली आणि ओला झालेला भुसा हातानं बाजूला सारू लागली. माफी वगैरे काही मागितली नाही.

गावात, मांडवात, नानांनी सगळ्यांसमोर मयताला रीतसर सांगितलं. मूठ उघडून रबराचा तुकडा पेटीवर ठेवला. "टाबिरी, तुला वाटेत तीनदा उभं राहावं लागलं. तुझ्या बायकोनं नाही, तुझ्या भाच्यानं तुझी वाट बुजवली. त्याला अक्कल कमी. त्यानं एक बाटली आणि एक कोंबडा द्यावा, आणि तू राग धरू नकोस." माणसं गंभीरपणे हुंकारली. बादूनं मान खाली घालून बाटली ठेवली. काळ्या कापडावर पेट्रोलचे डाग, अंगठा काळा.

परतीच्या वेळी बादूला व्हॅनला हात लावू न देता नानांनी घाटाखालच्या एका फिटरला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तो झाकण, पंप, नळ्या सगळं बघून गेला. बादू लांब फणसाखाली उभा राहून बघत होता, आणि मला माहीत आहे, तो प्रत्येक नळी मनातल्या मनात त्याच्या आधी सोडवत होता.

"मास्टर," मी म्हटलं, "बोलाव की त्याला, सांग काहीतरी."

"नको," तो म्हणाला. "तो बरोबर करतोय."